वैरागड : राजे अनेक, गाव एक

श्रोतेहो, ब्रह्मपुरीकडून वैनगंगा ओलांडली की आरमोरी लागते. आरमोरीच्या पुढे धानाच्या बांध्या आणि रान यांच्यामधून वाट काढीत गेले की खोब्रागडी आणि सातनाला या दोन नद्यांच्या संगमाजवळ एक गाव येते. त्याचे नाव वैरागड. गावाला दगडी किल्ला आहे, भोवती खंदक आहे, भंडारेश्वराचे देऊळ आहे. आज हे गडचिरोली जिल्ह्यातले एक साधे खेडे आहे. परंतु या खेड्याने जेवढे राजे पाहिले, तेवढे एखाद्या मोठ्या शहरानेही क्वचितच पाहिले असतील.

काही वर्षांपूर्वी मी कॉलेजातली पोरे घेऊन तो किल्ला पाहायला गेलो होतो. धानाची कापणी चालू होती. दरवाजाच्या सावलीत उभा राहून मी मुलांना वंशावळ्या सांगत होतो. आधी माना, मग गोंड, मग भोसले, मग इंग्रज. शेजारी एक म्हातारे शेतकरी डोक्यावरची मोळी खाली ठेवून बिडी ओढत ऐकत होते. माझे सांगून झाले तेव्हा त्यांनी विचारले, "गुरुजी, एवढे राजे झाले म्हणता. मग एक सांगा जी. राजा बदलला त आमच्या तलावात पाणी वाढते का?"

मुले हसली. मीही हसलो. "बाबा, पाणी तर पावसानं वाढतं," असे काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण परतीच्या एस.टी.त तो प्रश्न काही पाठ सोडीना. वीस वर्षे मी इतिहास शिकवतो आहे. कोणता राजा कोणत्या साली गादीवर बसला हे मला तोंडपाठ. पण तो बसल्यामुळे या संगमावरच्या माणसाच्या ताटात, तळ्यात आणि रानात काय फरक पडला, हे मी कधी विचारलेच नव्हते. आज ते विचारू या. तीनच प्रश्न घेऊ. पिकातला वाटा कोण घेऊन गेला? तळे कुणाचे? आणि रान कुणाचे?

वैरागडचे नाव फार जुने. गावची परंपरा सांगते की वैरोचन नावाच्या राजाने द्वापारयुगात हे वसवले. परंपरा परंपरेच्या जागी ठेवू. परंतु जुन्या लेखांत 'वज्राकर' असे एक नाव येते. वज्र म्हणजे हिरा आणि आकर म्हणजे खाण. चोळ राजा पहिला कुलोत्तुंग हा १०७० साली गादीवर आला. राजपुत्र असताना त्याने 'वयिरागरम्' येथे हत्ती पकडले, असे त्याच्या तमिळ लेखांत सांगितले आहे. हे ठिकाण म्हणजे आपले वैरागडच, असे अनेक अभ्यासक मानतात. देवगिरीच्या रामचंद्र यादवाचा पुरुषोत्तमपुरीचा ताम्रपट १३१० सालचा आहे. त्यातही वज्राकराच्या राजाला जिंकल्याचा उल्लेख आहे.

म्हणजे पाहा, तंजावरकडचा राजा इथे येतो तो हत्तींसाठी, आणि देवगिरीचा राजा आपल्या विजयांच्या यादीत या खाणीच्या धन्याचे नाव घालतो. त्यांच्या लेखांत हत्ती आहेत, हिरे आहेत, हरलेला राजा आहे. हत्तीला खेड्यात घालणारी माणसे नाहीत, आणि उन्हात रेती चाळणारी माणसेही नाहीत. राजे लोक आपला इतिहास असाच लिहितात. त्यांचा दोष नाही. दोष आपला, की आपणही तेवढाच वाचतो.

परंपरेने या भागातले पहिले राज्य माना लोकांचे. त्यांच्याकडून ते गोंडांकडे गेले. माना समाज आजही या मुलखात आहे, शेती करतो आहे. राज्य गेले म्हणून लोक गेले नाहीत, एवढे इथे ध्यानात ठेवू.

गोंड राजांची राजधानी आधी शिरपूर, मग बल्लारपूर आणि नंतर चांदा झाली. अकबर बादशहाच्या काळात चांद्याला बाबाजी बल्लाळशहा राज्य करीत होता. अबुल फजलाच्या 'आइन-ए-अकबरी'मध्ये या राजाची नोंद आहे. त्याच्या पदरी एक हजार घोडेस्वार आणि चाळीस हजार पायदळ असल्याचे तिथे लिहिले आहे. आणि त्याच ठिकाणी वैरागडचेही नाव येते. हिऱ्याची खाण असलेले आणि नक्षीचे कापड विणणारे गाव म्हणून ते येते. ते या राजाने दुसऱ्या एका सरदाराकडून नुकतेच जिंकून घेतले होते, असेही त्यात आहे. हा दगडी किल्ला त्यानेच खाणींच्या रक्षणासाठी बांधला, असे सांगतात.

बंधूंनो, मला त्या नोंदीत हिऱ्यापेक्षा कापड जास्त मोलाचे वाटते. हिरा जमिनीतून निघाला आणि थेट राजाच्या पेटीत गेला. कापडाला मात्र माग लागतो, सूत लागते, रंग लागतो. गावात विणकर असल्याशिवाय आग्र्याच्या दरबारात गावाचे नाव कापडासाठी निघत नाही.

आता आपला दुसरा प्रश्न. तळे कुणाचे? इथे गोंड राजांचे नाव आदराने घ्यावे लागते. त्यांची रीत अशी सांगतात की, जो रान तोडून गाव वसवील त्याला त्या गावाची सनद मिळे. आणि जो तळे बांधील त्याला त्या तळ्याच्या पाण्याने जेवढी जमीन भिजेल तेवढी देण्यात येई. अशा देणगीला 'तुकूम' म्हणत. चंद्रपूर शहरातल्या एका भागाला आजही आपण तुकूमच म्हणतो, पण हा शब्द कुठून आला ते किती जणांना माहीत आहे?

या रिवाजातली अक्कल ध्यानात घ्या. आपल्याकडे पाऊस चांगला पडतो, पण धान मोठे लहरी. लोंब्या भरायच्या वेळी, अश्विनात, एक पाणी चुकले की चार महिन्यांची मेहनत वाया जाते. ते एक पाणी तळे देते. म्हणून झाडीपट्टीत गाव तिथे तलाव, आणि तलाव नाही तिथे निदान बोडी तरी असतेच. राजाने तिजोरीतून पैसा काढला नाही. त्याने फक्त हक्काची हमी दिली आणि पाळ लोकांनी बांधली. कोहळ्यांसारख्या तळी बांधणाऱ्या समाजाचे कसब यात फार मोठे.

अर्थात गोंडांचे राज्य म्हणजे रामराज्य होते असे नव्हे. १६६७ मध्ये औरंगजेबाचा सरदार दिलेरखान चांद्यावर चालून आला आणि मोठी खंडणी घेऊन गेला. खंडणी राजाने दिली असे पुस्तकात लिहिलेले असते. राजा काही नांगर धरीत नाही. ती खंडणी शेवटी बांध्यांतूनच निघते.

१७५१ मध्ये नागपूरच्या पहिल्या रघूजी भोसल्यांनी चांद्याचे राज्य पुरते घेतले. शेवटचा गोंड राजा नीळकंठशहा बल्लारपूरच्या किल्ल्यात कैदेत पडला. वैरागड हे परगण्याचे ठाणे होते, ते भोसल्यांकडे आले. आता पहिल्या प्रश्नाचे उत्तर बदलले. गावचा वसूल पाटलामार्फत होऊ लागला, आणि आकारणी बहुधा वर्षावर्षाने ठरू लागली. पाटील हा वसूल करणारा, मालक नव्हे. पुढच्या वर्षी गाव आपल्याकडे राहील की नाही याची खात्री नसेल, तर तळ्याची पाळ कोण दुरुस्त करील? त्यात अखेरच्या काळात लढाया झाल्या, पेंढाऱ्यांच्या धाडी आल्या. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली आणि १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी चांद्याचा किल्ला घेतला. पुढची बारा वर्षे त्यांनी भोसल्यांच्या नावाने कारभार चालवला. १८३० मध्ये तो तिसऱ्या रघूजींकडे परत दिला. रघूजी १८५३ च्या डिसेंबरात पुत्र नसताना वारले, आणि १८५४ मध्ये राज्य खालसा झाले.

हिऱ्यांचे काय झाले? १८२७ मध्ये नागपूरचा रेसिडेंट जेंकिन्स याने या मुलखाचा अहवाल लिहिला, तेव्हाच वैरागडच्या खाणींतून मजुरी सुटण्याइतकेही निघत नव्हते. ज्या खाणीसाठी राजे चालून आले ती थकली. खाणीवर जगलेले राजवैभव ओसरले, आणि तळ्यावर जगलेले गाव राहिले.

इंग्रजी राज्याबरोबर कागद आला. याआधी कागद नव्हता असे नाही, पण आता प्रत्येक बांधीला नकाशात जागा आणि नंबर मिळाला. १८६१ मध्ये मध्य प्रांत बनला. मेजर लुसी स्मिथ या अधिकाऱ्याने चांदा जिल्ह्याची जमाबंदी केली आणि १८६९ मध्ये तिचा अहवाल लिहिला. गोंड राजांच्या कितीतरी हकिकती आपल्याला त्यामुळेच वाचायला मिळतात, हे त्याचे ऋण मानले पाहिजे. परंतु याच जमाबंदीत एक फार मोठा बदल झाला. काल जो पाटील नुसता वसूल करीत होता, तो मालगुजार म्हणून गावाचा मालक ठरला. शेते कुळांकडे राहिली. पण गावठाण, पडीक, गावचे रान आणि तळे हे मालगुजाराच्या नावे लागले. पूर्वेकडे धानोरा, रांगी, मुरूमगाव, खुटगाव अशा जमीनदाऱ्या होत्या. तिथे जमीनदारांचा अंमल कायम राहिला.

तळी गावाने बांधली होती आणि नाव मालगुजाराचे झाले. आपण आजही त्यांना मालगुजारी तलाव, म्हणजे 'मामा तलाव' म्हणतो. मात्र एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. वाजिब-उल-अर्ज नावाच्या दप्तरात गावकऱ्यांच्या पाण्याच्या, चराईच्या आणि सरपणाच्या रिवाजांची नोंद होत असे. आणि उन्हाळ्यात गाळ काढून शेतात टाकायची, पाळीला माती चढवायची, तुडूम नीट करायची, ही कामे गाव एकत्र येऊन करीत असे. कुठे ती राजीखुशीची होती, कुठे बेगार होती. पण तळे सांभाळले जात होते.

आता तिसरा प्रश्न, रान कुणाचे? आधी १८६५ आणि मग १८७८ मध्ये जंगलाचे कायदे झाले. सरकारने रानाच्या सीमा आखल्या, मिनारे उभे केले, आणि राखीव जंगल असे नाव दिले. काल ज्या रानातून माणूस मोहफुले, चारोळी, डिंक, सरपण आणि नांगराचे लाकूड आणीत होता, त्याच रानात आज तो परवानगीवाचून शिरला तर गुन्हेगार ठरू लागला. गावाच्या इतिहासात एवढा मोठा बदल किल्ला पडल्यानेही झाला नसेल. किल्ला पडला त्या दिवशी संध्याकाळी चूल पेटली होती. रान बंद झाले तेव्हा चुलीतल्या लाकडावर दंड बसला. १९३० साली मध्य प्रांत-वऱ्हाडात लोक विळे घेऊन जंगल सत्याग्रहाला निघाले. लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळ गवत कापून कायदा मोडला. गवताच्या पेंढीसाठी माणसे तुरुंगात का जातात, हे शहरातल्या माणसाला कळत नव्हते. आपल्याला ते सांगावे लागत नाही.

हे दुःख आपल्याच वाट्याला आले असेही समजू नका. युरोपात पोलंड नावाचा देश आहे. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन वेळा रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या शेजाऱ्यांनी त्याचे लचके तोडले, आणि १९१८ पर्यंत नकाशावर तो देश उरलाच नाही. त्याच्या दक्षिणेला गॅलिशिया नावाचा प्रांत ऑस्ट्रियाकडे गेला. १८४८ मध्ये तिथल्या शेतकऱ्यांची वेठबिगार सुटली, शेते त्यांची झाली. आनंदीआनंद झाला. पण जमीनदाराच्या रानातून सरपण आणायचा आणि कुरणात गुरे चारायचा जो पिढीजात रिवाज होता, त्याचे काय? जमीनदार म्हणाले, रान आमचे. शेतकरी म्हणाले, वहिवाट आमची. हजारो दावे उभे राहिले, वर्षानुवर्षे चालले, आणि बहुतेक दावे शेतकरी हरले. त्यांची वहिवाट खोटी होती असे नाही. पण लिहिलेले बरेचसे जमीनदाराच्या घरी होते, आणि शेतकऱ्याचे होते ते तोंडी. बर्फाळ देशातले ते खेडे आणि आपले झाडीतले खेडे यांच्यात हजारो मैलांचे अंतर आहे. पण प्रश्न एकच, की आपली वहिवाट लिहून कुणी ठेवली?

स्वातंत्र्य आले. १९५१ मध्ये मालगुजारी आणि जमीनदारी संपली. तळी सरकारजमा झाली. मालगुजाराचा जाच गेला, ही फार मोठी गोष्ट झाली. परंतु तळे मालगुजाराचे नाही आणि गावाचेही नाही, ते सरकारचे, असे झाल्यावर गाळ कुणी काढायचा? पुष्कळ गावांत जुना रिवाज मोडला आणि नवा बसला नाही. पाळी खचल्या, तळ्यांत बेशरम माजली, कडेने अतिक्रमणे झाली. त्याच दशकात गावोगाव निस्तारपत्रके तयार झाली. कोणत्या गावाने कुठून सरपण आणावे, गुरे कुठे चारावी, बांबू कुठून घ्यावा, हे त्यांत लिहिले गेले. पुढे १९५६ मध्ये हा मुलूख मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे दोन भाग होऊन गडचिरोली जिल्हा झाला. गाव जागचे हलले नाही, पण त्याची कचेरी बदलत गेली.

आणि २००६ साली वनहक्क कायदा झाला. या कायद्याने प्रथमच मान्य केले की, वनात राहणाऱ्या लोकांवर पूर्वी अन्याय झाला आणि गावाच्या वहिवाटीच्या रानावर गावाचा सामूहिक हक्क असू शकतो. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या छोट्या गावाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर रानावर असा हक्क मिळवला, आणि देशात आरंभीच हा मान मिळवणाऱ्या गावांत त्याचे नाव लागले. त्या गावच्या लोकांनी आधी कित्येक वर्षे अभ्यासगट करून आपले निस्ताराचे कागद, आपल्या सीमा, आपल्या वहिवाटी समजून घेतल्या होत्या. कायदा आला त्या दिवशी ते तयार होते.

शिक्षक मित्रांनो, इथे मला तुमच्याशी दोन शब्द बोलायचे आहेत. या कायद्याच्या नियमांत पुरावा म्हणून काय चालते ते एकदा काढून वाचा. गॅझेटियर चालते, जुनी जमाबंदी चालते, निस्तारपत्रक चालते. आणि गावातल्या वडीलधाऱ्या माणसाने सांगितलेली, लिहून घेतलेली हकिकतही चालते. जे आदिवासी नाहीत, पण पिढ्यान् पिढ्या रानाजवळ राहत आले आहेत, त्यांना तर तीन पिढ्यांची, म्हणजे पंचाहत्तर वर्षांची वस्ती दाखवावी लागते. म्हणजे गावाचा इतिहास ही आता निबंधाच्या वहीत ठेवायची गोष्ट राहिली नाही. ज्या आजोबांना जुनी शीव ठाऊक आहे, ते गेले की गावाचा एक साक्षीदार गेला.

म्हणून मागणे एवढेच आहे. यंदा सातवी-आठवीच्या मुलांना एक वही द्या. तिच्यात राजांची नावे नकोत. गावात तळी किती, बोड्या किती, त्यांची नावे काय, पाळ कुणी बांधली म्हणतात, गाळ शेवटचा कधी काढला, हे लिहायला सांगा. रानातल्या कोणत्या पहाडीपर्यंत गुरे जात, मोह कोणत्या वाटेवर वेचत, देवाची जागा कुठे आहे, शेजारच्या गावाची शीव कोणत्या झाडापासून धरत, हे आजी-आजोबांना विचारून लिहू द्या. आजी झाडीबोलीत सांगेल, तिचेच शब्द लिहून घ्या, त्यांना शुद्ध करू नका. सांगणाऱ्याचे नाव, वय आणि तारीख घाला. मग तलाठ्याकडे जाऊन जुना नकाशा पाहा आणि वही त्याच्याशी ताडून घ्या. जिथे जुळणार नाही तिथे खूण करा. बहुतेक वेळा खरा इतिहास तिथेच असतो.

त्यानंतर पुन्हा एकदा वैरागडला गेलो होतो. ते म्हातारे बाबा भेटतील म्हणून किल्ल्याच्या दरवाजाशी थोडा वेळ उभा राहिलो, पण भेट झाली नाही. भेटले असते तर यावेळी उत्तर दिले असते. म्हटले असते, "बाबा, राजा बदलला म्हणून तलावात पाणी वाढत नाही. पण पाळ कुणी बांधायची आणि पाणी कुणी वाटायचं, ते मात्र दर वेळी बदलतं. आणि ते कागदावर लिहिलं जातं तेव्हा आपण तिथं हजर असलं पाहिजे."

ते नक्की म्हणाले असते, "मग त्या वेळी कोणी बोलावलं का जी आम्हाले?"

नाही बोलावले. आता ग्रामसभा आपलीच आहे. तिथे बोलावण्याची वाट पाहायची नसते. वही काखेत घ्यावी आणि जाऊन बसावे.